साठी, बुद्धी नाठी? आधी रक्त तपासून घ्या!

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सिग्नल विभागात लागलो आणि गेली वीसेक वर्षं केबल, रिले आणि पॉइंट मशीन यांच्यातच आहे. मग आरोग्यावर बोलायला मी कसा, असं तुम्हाला वाटेल. सेक्रेटरींनी मला गळ घातली, कारण आमच्या घरी जे घडलं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. ते सगळ्यांना सांगा, असं ते म्हणाले. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं. ते म्हणाले, "सांग की. त्यात लाजायचं काय?" दादा आज इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, तेव्हा माझं काही चुकलं तर ते दुरुस्त करतीलच.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'साठी, बुद्धी नाठी'. माणूस साठीच्या पुढे गेला आणि विसरायला लागला की आपण ही म्हण म्हणतो, हसतो आणि विषय सोडून देतो. आज मला एवढंच सांगायचं आहे, की ही म्हण म्हणण्याआधी रक्ताची एक तपासणी करून घ्या. कारण प्रत्येक विसरणं हे वयाचं नसतं.

दादांना खड्गपुरातली सगळी जुनी मराठी मंडळी ओळखतात. वर्कशॉपमधली नोकरी आणि मंडळाची वर्गणीची वही, ही त्यांची दोन कामं. पंचवीस वर्षं ती वही त्यांच्याकडे होती आणि ताळेबंदात कधी एक रुपयाचा फरक आला नाही. २०१४ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आषाढी एकादशीला पंढरपूरला जाऊन त्यांनी माळ घातली. त्या दिवसापासून मासळी, अंडी, मटण सगळं बंद. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी आधीपासून चालू होती. शिवाय पित्ताचा त्रास होतो म्हणून सकाळी उपाशीपोटी एक गोळी. कोणीतरी कधीतरी लिहून दिलेली, ती औषधाच्या दुकानातून आणून ते वर्षानुवर्षं घेत होते.

२०२१ पासून बदल दिसू लागला. पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात, असं म्हणायला लागले. आम्ही म्हटलं, मधुमेहात होतं असं. जीभ लाल झाली, तिखट सोसेना. आम्ही म्हटलं, उष्णता वाढली. न्हाणीघरात तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जायचा, एकदा पडलेसुद्धा. आम्ही फरशी बदलून घेतली! मग विसरणं सुरू झालं. गॅस चालू राहायचा, एकच गोष्ट तीनदा विचारायची, आणि शांत स्वभावाचा माणूस एकदम चिडायला लागला. २०२२ च्या उत्सवात त्यांनी एकाच घरी दोनदा वर्गणी मागितली आणि तीन घरांची वर्गणी लिहायचीच राहिली. कोणी रागावलं नाही, उलट सगळ्यांनी हसून घेतलं. पण घरी आल्यावर मी त्यांना बोललो. "दादा, जमत नसेल तर वही देऊन टाका," असं म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही सेक्रेटरींच्या घरी नेऊन दिली.

मंडळी, मी रोज काय काम करतो? सिग्नल बिघडला की कारण शोधतो. 'कारण समजले नाही' असं लिहून फाइल बंद करायची आम्हाला परवानगी नाही. साहेब ती परत पाठवतात. आमच्याकडे 'राइट व्हेन टेस्टेड' नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे बिघाड झाला खरा, पण माणूस तपासायला पोचेपर्यंत सगळं ठीक. असा बिघाड सगळ्यात धोक्याचा, कारण तो पुन्हा येणारच असतो. दादांचं अगदी तसंच होतं. डॉक्टरांपुढे बसले की तारीख, वार, पंतप्रधानांचं नाव सगळं बरोबर सांगायचे. आणि मी, कामावर 'कारण समजले नाही' कधी न लिहिणारा माणूस, घरी मात्र 'वय झालं' असं लिहून मोकळा झालो होतो. वर्षभर.

शेवटी एका तरुण डॉक्टर बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "आजोबा शाकाहारी आहेत का?" आणि "मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी किती वर्षं चालू आहे?" त्यांनी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. ते निघालं ११८. साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता समजतात, आणि २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर संशयास्पद.

आता हे बी-१२ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो, म्हणून त्याला कोबालमिन म्हणतात. शरीराला ते लागतं किती, तर दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. आयुष्यभराची गरज मोजली तरी ती शंभर मिलिग्रॅमच्या आत बसते. चिमूटभरसुद्धा नाही. पण तेवढं नसेल तर दोन मोठी कामं अडतात. एक म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी तयार होणं, आणि दुसरं म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण शाबूत राहणं.

हे दुसरं काम माझ्या सिग्नलवाल्या भावांना लगेच कळेल. केबलमधली तांब्याची तार चांगली असते, पण वरचं इन्सुलेशन खराब झालं की करंट गळतो आणि सिग्नल भलताच वागतो. म्हणून आपण वेळोवेळी केबलचं मेगरिंग करतो. मज्जातंतूंवरही मायेलीन नावाचं असंच आवरण असतं. बी-१२ कमी पडलं की ते खराब होऊ लागतं. पायांच्या तंतूंत झालं तर मुंग्या येतात, पाठीच्या कण्यात झालं तर तोल जातो, मेंदूत झालं तर विसरणं, चिडचिड, उदासी, कधी भ्रमसुद्धा. उघड्या डोळ्यांनी माणूस तोल सावरतो, पण डोळे मिटले की पाय कुठे आहेत हे मेंदूला कळत नाही. दादा तोंड धुताना का पडत होते, ते मला तेव्हा समजलं. फरशीचा दोष नव्हता.

बी-१२ ची ओळख माणसाला तशी अलीकडेच झाली. एका प्रकारच्या पंडुरोगाला पूर्वी प्राणघातकच म्हणत, कारण त्यातून रोगी वाचत नसे. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून बरं करून दाखवलं. १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. यकृतातला तो नेमका पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला १९४८ साल उजाडलं, आणि त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ च्या सुमारास उलगडली.

याच काळातली एक गोष्ट आपल्या मुंबईची आहे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर बाई १९२८ नंतर मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या पंडुरोगाचा अभ्यास त्यांनी केला. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला दिसतो, पण आतून मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. म्हणून 'रक्तवाढीची गोळी' परस्पर आणून खाऊ नका.

रक्ताचा साधा रिपोर्ट चांगला आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जातंतूंची किंवा मनाची लक्षणं असलेले १४१ रुग्ण होते. त्यांपैकी ४० जणांना ना पंडुरोग होता, ना त्यांच्या तांबड्या पेशींचा आकार वाढलेला होता. दादांचं हिमोग्लोबिनही जवळपास ठीकच होतं.

आता हे कमी का पडतं? बी-१२ फक्त सूक्ष्म जंतू तयार करतात. वनस्पतींत ते नसतं. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांतून मिळतं. मोड आलेली कडधान्यं, इडली-डोसा, आंबवलेले पदार्थ प्रकृतीला चांगले आहेत, पण बी-१२ साठी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शाकाहारी माणसाला दूधच काय तो आधार. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे दिवसाला अर्धा लिटर दूध-दही पोटात गेलं तर गरज कशीबशी भागते. आपल्या ज्येष्ठांच्या पोटात किती जातं? दोन कप चहातलं दूध आणि वाटीभर पातळ ताक. इथले आपले बंगाली शेजारी दोन्ही वेळा माछ-भात खातात, ते आपल्याला जमलं नाही तरी त्यांच्या छेना आणि मिष्टी दोईमधलं दूध विसरू नये. अर्थात साखरेकडे लक्ष ठेवून!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे शहर, झोपडपट्टी आणि खेडी इथल्या मध्यमवयीन ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. त्यांपैकी ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. हे आजारी लोक नव्हते, तुमच्या-आमच्यासारखे चालते-बोलते होते. म्हणजे हा कोणा एका दादांचा प्रश्न नाही.

खाल्लेलं बी-१२ अंगी लागणं ही पुन्हा वेगळी गोष्ट. अन्नात ते प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं. मग जठरातूनच स्रवणारा इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचा पदार्थ त्याला धरतो आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते शोषलं जातं. वय वाढलं की बऱ्याच जणांच्या जठरात आम्ल कमी होतं. वरून पित्ताची गोळी ते आणखी कमी करते. मेटफॉर्मिन शेवटच्या टप्प्यावर शोषण घटवतं. दादांच्या बाबतीत आहार, वय आणि दोन गोळ्या, चारही बाजूंनी पुरवठा तुटला होता.

मग २०१४ साली माळ घातल्यावर लगेच का नाही झालं? कारण यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून चातुर्मासात चार महिने मासळी सोडली तर काही बिघडत नाही. पण साठा हळूहळू संपतो, आणि इतका हळू की कारण आणि परिणाम यांची सांगड कोणाला घालताच येत नाही.

उपचार सोपा होता. आधी थोड्या थोड्या दिवसांनी, मग आठवड्याला, मग महिन्याला इंजेक्शन, आणि आता रोज गोळी. दादांनी पहिला प्रश्न विचारला, "ही गोळी मांसाची नाही ना?" डॉक्टर बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी नीट समजावलं, की हे जीवनसत्त्व कारखान्यात जंतूंकडून आंबवून तयार करतात, त्यात प्राण्याचं काही नसतं. फक्त काही कॅप्सूलचं वरचं वेष्टण जिलेटिनचं असतं, म्हणून माळकऱ्यांनी साधी गोळी मागावी. गोळीतलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं नसतं, त्यामुळे आम्ल कमी असलं तरी चालतं. आणि हजार मायक्रोग्रॅमची मोठी मात्रा घेतली तर त्यातला टक्काभर भाग इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही रक्तात जातो. गरज भागायला तेवढं पुरतं. दादांची माळ गळ्यात आहे आणि गोळीही चालू आहे.

गुण कसा आला? जीभ दोन-तीन आठवड्यांत बरी झाली. तीन-चार महिन्यांत बोलण्यात नीटपणा आला, चिडचिड गेली, तेच तेच विचारणं थांबलं. २०२३ च्या उत्सवात सेक्रेटरी स्वतः घरी येऊन वही परत देऊन गेले. आता बेरीज ते करतात आणि एकदा मी तपासतो, हे त्यांनीच ठरवलं आहे. पण पायांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. हातात काठी आली ती कायमची. डॉक्टर बाई म्हणाल्या, "वर्षभर आधी आला असता तर कदाचित पायही सुधारले असते." मंडळी, ते वर्ष मी घालवलं, दुसऱ्या कोणी नाही. म्हणून आज इथे उभा आहे.

पण एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बी-१२ हे काही स्मरणशक्तीचं टॉनिक नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंनाही असंच विसरायला होत होतं. आमचं ऐकून त्यांच्या मुलाने इंजेक्शनं दिली. त्यांचं बी-१२ मुळात व्यवस्थित होतं. त्यांना अल्झायमर आहे, आणि इंजेक्शनांनी त्यांच्यात काही फरक पडला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. त्या सगळ्यांना बी-१२ ने बरं करता येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिलं आहे. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सत्तरीपुढच्या आणि किंचित विसर पडणाऱ्या लोकांना दोन वर्षं बी गटातली जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत दिली. त्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त होतं, त्यांना फायदा अधिक दिसला. बी-१२ कमी पडलं की हे होमोसिस्टीन वाढतं. पण २०१४ साली अकरा प्रयोगांतल्या सुमारे बावीस हजार लोकांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सरसकट सगळ्यांना ही जीवनसत्त्वं देऊन बुद्धीत फरक पडलेला दिसला नाही. याचा अर्थ माझ्यासारख्या साध्या माणसाने असा घ्यायचा, की ज्याची टाकी रिकामी आहे त्यालाच भरून उपयोग. म्हणून आधी तपासणी.

जाता जाता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. शक्य तर लिहून घ्या.

एक, तपासणी कोणी करावी? साठीपुढचे शाकाहारी, चार-पाच वर्षांहून जास्त काळ मेटफॉर्मिन किंवा दोन वर्षांहून जास्त काळ पित्ताची गोळी घेणारे, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेले. आणि ज्यांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, लाल गुळगुळीत जीभ किंवा नव्याने विसरणं ही लक्षणं आहेत, त्यांनी तर उशीर करूच नये.

दोन, इंजेक्शन घेण्याआधी रक्त द्या. एकदा इंजेक्शन घेतलं की आकडा वर जातो आणि खरं काय ते कळत नाही. रोज मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. आकडा मधलाच आला तर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक अ‍ॅसिडची तपासणी करून खात्री करता येते.

तीन, माझं भाषण ऐकून मेटफॉर्मिन बंद करू नका! मधुमेह बळावला तर मेंदूचं नुकसानच होईल. कुठली गोळी चालू ठेवायची, कुठली कमी करायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. ऑपरेशन ठरलं असेल आणि बी-१२ कमी असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूने बी-१२ निकामी होतं.

चार, विसरण्याची बरी होणारी इतरही कारणं असतात. थायरॉइड कमी असणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात साकळलेलं रक्त. शिवाय कमी ऐकू येणं. ज्याला ऐकूच आलं नाही तो लक्षात काय ठेवणार? तेव्हा बी-१२ ठीक निघालं तरी शोध थांबवू नका.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. दरवर्षी आपण उत्सवात रक्तदाब आणि साखर तपासतो. पुढच्या वर्षी त्यात साठीपुढच्या सभासदांसाठी बी-१२ ची तपासणी घालावी. खर्च थोडा वाढेल, तर माझ्या वर्गणीत वाढ करा. वही दादांकडेच आहे, ते विसरणार नाहीत!

गणपती ही बुद्धीची देवता. आपण दहा दिवस त्याच्याकडे बुद्धी मागतो. मागावीच. पण घरात जी बुद्धी आपल्या डोळ्यांसमोर कमी होत चालली आहे, तिचं कारण शोधण्याचं काम त्याने आपल्यावर सोपवलं आहे. घरी गेल्यावर आई-वडिलांवर विसरण्यावरून चिडण्याआधी एकदा थांबा, आणि त्यांच्या पायांना मुंग्या येतात का, एवढं विचारा.



गणपती बाप्पा मोरया!